ग्लायडरचा एलिव्हेटर सेंटरला परत येत नाही: दोष शोधायचा कसा आणि काढायचा कसा

पहिल्या फेकीला रेडिओने चालवायचा मॉडेल ग्लायडर सरळ तरंगत गेला. दुसऱ्या फेकीला त्याने नाक वर केलं आणि हवेत थबकला. ट्रान्समीटरवरच्या ट्रिमने, म्हणजे सेंटर बारीक सरकवायच्या बटणाने, दोन क्लिक डाऊन दिल्यावर तिसऱ्या फेकीला तो जमिनीकडे निघाला. मग सबट्रिमला (मेनूतून सर्व्होचं सेंटर सरकवायची सोय) हात लागतो, पुन्हा ट्रिम, पुन्हा सबट्रिम, आणि दुपारपर्यंत मूळ सेटिंग काय होतं हेच सांगता येत नाही.

या तक्रारीचं उत्तर ट्रान्समीटरमध्ये क्वचितच सापडतं. स्टिक सोडल्यावर एलिव्हेटर, म्हणजे शेपटीवरचा नाक वर-खाली करणारा हलता भाग, दर वेळी त्याच जागी थांबत नाही, एवढाच तिचा अर्थ आहे. कारण सर्व्होपासून (एलिव्हेटर हलवणारी छोटी मोटर) एलिव्हेटरच्या बिजागरीपर्यंतच्या अर्ध्या मीटरमध्ये कुठेतरी असतं. ट्रिम देऊन तो दोष एका फेकीपुरता दबतो आणि पुढच्या फेकीला उलट्या बाजूने समोर येतो.

इथे उदाहरणाला एक मीटर पंखविस्ताराचा डीएलजी घेतला आहे, म्हणजे पंखाचं टोक धरून गोल फिरून फेकायचा ग्लायडर. स्पर्धेच्या एफ३के वर्गात हेच मॉडेल १५०० मिमीपर्यंत चालतं, पण दोष तेच आणि उपायही तेच. दोन्ही सर्व्हो नाकाच्या भागात, मागे कार्बनचा बूम, म्हणजे शेपटी धरणारी पोकळ नळी, त्यातून शेपटीपर्यंत ५०० मिमी लांबीचा पुशरॉड, म्हणजे सर्व्होची हालचाल एलिव्हेटरपर्यंत नेणारी दांडी. एलिव्हेटरची रुंदी बिजागरीपासून मागच्या कडेपर्यंत ३० मिमी, आणि हॉर्नचं (एलिव्हेटरवर उभी बसवलेली, पुशरॉड जोडायची पट्टी) भोक बिजागरीपासून १० मिमीवर. तुमच्या मॉडेलची मापं वेगळी असतील तर खालचे आकडे त्या प्रमाणात बदलून घ्या.

आधी मोजा, मग हात लावा

डोळ्याला अर्ध्या मिलिमीटरचा फरक दिसत नाही, ग्लायडरला मात्र तो लगेच कळतो. म्हणून एक काडी लावायची. अगरबत्ती जळून गेल्यावर उरणारी बांबूची काडी घ्या, एलिव्हेटरच्या मागच्या कडेला मास्किंग टेपने अशी चिकटवा की तिचं टोक बिजागरीपासून १५० मिमी मागे येईल. कडेची हालचाल टोकाशी पाचपट होऊन दिसते. टोकाजवळ मिलिमीटरची पट्टी उभी करून पक्की टेकवा.

आता एक गोष्ट जी बहुतेक जण विसरतात: ग्लायडर कुशीवर धरा, म्हणजे एलिव्हेटर उभा राहील. मॉडेल सपाट ठेवलं तर एलिव्हेटर आणि काडीच्या वजनाने लिंकेजमधला, म्हणजे सर्व्हो ते एलिव्हेटर या जोडणीतला, प्ले (मोकळीक) एका बाजूला दाबला जातो आणि सगळं छान असल्याचं भासतं.

स्टिक पूर्ण वर न्या, हळूच सेंटरला आणा, आकडा लिहा. स्टिक पूर्ण खाली न्या, हळूच सेंटरला आणा, आकडा लिहा. असं पाच-पाच वेळा. कागदावर तीनपैकी एक चित्र उमटतं.

वरून येतानाचे पाचही आकडे जवळजवळ सारखे, खालून येतानाचेही सारखे, पण दोन गटांत अंतर असेल तर प्ले, घर्षण किंवा पुशरॉडचं वाकणं यांतलं काहीतरी आहे. आकडे कसेही विखुरलेले असतील किंवा मधेच एकदम उडी मारत असतील तर काहीतरी निसटतं आहे: पुशरॉड स्क्रूने धरणारा स्टॉपर, सर्व्होची बैठक किंवा खुद्द सर्व्हो. आणि घरात सगळे आकडे जुळतात पण मैदानावर तासाभराने बदलतात, असं असेल तर कारण ऊन आहे.

पहिल्या चित्रात प्ले आणि घर्षण वेगळे ओळखायला बोट पुरतं. एलिव्हेटरला हलकेच बोट लावा. तो दोन टोकांच्या मधे मोकळा डुलत असेल आणि सर्व्होचा आर्म (त्याच्या शाफ्टवर फिरणारी पट्टी) जागचा हलत नसेल, तर प्ले. बोटाने सरकवलेल्या जागी तसाच चिकटून राहत असेल, तर घर्षण.

प्ले

बाजारात मिळणाऱ्या छोट्या सर्व्होच्या आर्मची भोकं साधारण १ मिमीची असतात, पुशरॉडची पियानो वायर (कठीण पोलादी तार) असते ०.८ मिमीची. म्हणजे एका टोकाला ०.२ मिमी मोकळीक. हॉर्नच्या टोकाला तेवढीच धरली तर एकूण ०.४. हॉर्न १० मिमीवर आणि कड ३० मिमीवर, म्हणजे कडेला तिप्पट: १.२ मिमी. काडीच्या टोकाला ६ मिमी. एवढ्या पट्ट्यात एलिव्हेटर कुठेही थांबू शकतो, आणि सर्व्होचा त्यात काही दोष नसतो.

भोक मोठं करून सोय करणं ही इथली सर्वांत महाग चूक. आर्मला भोकं पाडलेली नसलेल्या जागी ०.८ मिमीच्या ड्रिलने, हाताच्या छोट्या चकमध्ये धरून, बोटांनी फिरवत नवं भोक पाडा. मोटरचा ड्रिल वापरलात तर नायलॉन वितळून भोक लंबगोल होतं. झेड-बेंड, म्हणजे वायरच्या टोकाला दिलेला Z आकाराचा वाक, त्या भोकात थोडा जोर लावूनच गेला पाहिजे, आणि आत गेल्यावर वायर स्वतःभोवती अडखळल्याशिवाय फिरली पाहिजे. भोक घासून मोठं झालेला आर्म फेविक्विक भरून वाचवायला जाऊ नका. नायलॉनला सीए, म्हणजे फेविक्विकच्या जातीचं ग्लू, नीट धरत नाही, दोन उड्डाणांत तो तुकडा सुटतो. नवा आर्म घ्या.

क्लेव्हिसलाही (पुशरॉडच्या टोकाचा, पिन असलेला चिमटा) हाच नियम: पिन १ मिमीची तर हॉर्नचं भोक १ मिमीच्याच ड्रिलचं. क्लेव्हिसवर सिलिकॉन नळीचा छोटा तुकडा सरकवून ठेवा, म्हणजे फेकीच्या झटक्यात त्याचे जबडे उघडत नाहीत.

हॉर्न उंच केला तर प्लेचा परिणाम घटतो. १० ऐवजी १५ मिमीचा हॉर्न लावल्यास तोच ०.४ मिमीचा प्ले कडेला १.२ ऐवजी ०.८ मिमी होतो. हॉर्नचं भोक मात्र बिजागरीच्या रेषेवरच आलं पाहिजे. मागे-पुढे झालं तर वरची आणि खालची चाल असमान होते, आणि ती मग ट्रान्समीटरमधून सारखी करत बसावी लागते.

घर्षण

पुशरॉड हॉर्नवरून काढा आणि एलिव्हेटरवर फुंकर मारा. फुंकरीने तो हलला पाहिजे. हलत नसेल तर बिजागरी जड आहे. कारणं ठरलेली: टेपचे दोन थर, टेपखाली सुरकुती, इस्त्रीने चिकटवलेल्या फिल्मचा जाड काठ, किंवा एलिव्हेटरच्या पुढच्या कडेचा उतार अपुरा असल्याने ती कड स्टॅबवर, म्हणजे शेपटीच्या स्थिर आडव्या पंखावर, घासणं. हा उतार किमान ३० अंशांचा हवा, आणि दोन्ही कडांमध्ये केसाएवढी फट.

बिजागरी मोकळी असेल तर पुशरॉड सर्व्होकडूनही सोडवा आणि हाताने नळीत मागे-पुढे सरकवा. इथे कान आणि बोट दोन्ही लागतात. खरखर जाणवली तर नळीत ग्लू शिरला आहे किंवा वायरच्या कापलेल्या टोकाला धार राहिली आहे. एका ठरावीक जागी जड लागलं तर तिथे नळीला वळण आहे. शेपटीशी पुशरॉड बूममधून बाहेर पडतो ते वळण सर्वांत त्रासाचं, कारण तिथे थोड्याच अंतरात दिशा बदलते. बूमचं भोक लांबट करून तो कोन सौम्य करा.

टेफ्लॉनच्या नळीबद्दल एक इशारा. घर्षण कमी म्हणून ती उत्तम, पण तिला नेहमीचं कुठलंच ग्लू धरत नाही. चिकटलेली वाटते आणि आठवड्याभराने सुटते. वळणावर सुटलेली नळी दर फेकीला थोडी वेगळ्या जागी बसते, आणि पुशरॉडचा मार्ग लांब-आखूड होतो. चिकटवायच्या जागी नळीभोवती दोरा घट्ट गुंडाळा आणि दोऱ्याला ग्लू लावा, म्हणजे दोरा नळीला आवळून धरतो.

डिजिटल सर्व्हो असेल तर आणखी एक खूण मिळते. लिंकेज जोडलेलं असताना सेंटरला सर्व्हो गुणगुणतो आणि क्लेव्हिस काढताच गप्प होतो, याचा अर्थ तो काहीतरी ढकलत उभा आहे. बॅटरी तर जातेच, पण घर्षणाचा याहून सरळ पुरावा नाही.

पुशरॉडचं वाकणं

ढकलताना बारीक वायर कमानीसारखी वाकते, ओढताना सरळ राहते. म्हणून अप आणि डाऊनचं सेंटर वेगळं येतं. ०.८ मिमीची पियानो वायर १०० मिमी अंतर आधाराशिवाय असेल तर साधारण ४०० ग्रॅमचा जोर सोसते. तेच अंतर २०० मिमी केलं की चौथा हिस्सा, म्हणजे १०० ग्रॅमला ती वाकते. अंतर दुप्पट झालं की ताकद चौपटीने घटते, हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे. दर ८० ते १०० मिमीला बूमच्या आतल्या भिंतीला नळीचा आधार द्या. १ मिमीचा कार्बन रॉड वजनाला हलका आणि वाकायला थोडा अधिक ताठ असतो. त्याच्या दोन्ही टोकांना वायर जोडताना निदान १५ मिमी एकमेकांलगत ठेवून दोरा गुंडाळा आणि पातळ सीए द्या.

ऊन

सगळं घट्ट, सगळं मोकळं, तरीही दुपारी ट्रिम सरकते, अशी तक्रार असेल तर पुशरॉड कशाचा आहे ते पाहा. नायलॉनच्या नळीत नायलॉनचा पुशरॉड असेल तर शोध इथेच संपण्याची शक्यता मोठी. एक मीटर नायलॉन तापमानाच्या दर अंशाला साधारण ०.०८ मिमी वाढतं. ५०० मिमीचा पुशरॉड २० अंशांनी तापला की ०.८ मिमी वाढतो. आपल्या १० मिमीच्या हॉर्नवर आणि ३० मिमीच्या कडेवर ते २.४ मिमी होतात. कार्बनचा बूम मात्र लांबीत जवळपास वाढत नाही, म्हणून ही सगळी वाढ एलिव्हेटरवर उतरते. पुण्यात डिसेंबरमध्ये सकाळी १२ अंश आणि दुपारी ३० अंश ही नेहमीची गोष्ट, आणि काळा बूम उन्हात हवेपेक्षाही जास्त तापतो. शिवाय नायलॉन ओलावा शोषून फुगतं, म्हणून कोकणातल्या दमट हवेत लावलेली ट्रिम घाटावरच्या कोरड्या हवेत टिकत नाही.

स्टीलची वायर त्याच हिशेबाने फक्त ०.१२ मिमी वाढते, कार्बन रॉड जवळपास शून्य. नायलॉन काढून टाका, दुसरा उपाय नाही. बॉडीच फोमची असेल तर तीही उन्हात लांबते. तिथे कार्बन रॉड लावूनही थोडी ट्रिम सरकणारच, तेवढी मान्य करावी लागते.

निसटणाऱ्या जागा

पुशरॉड लांब-आखूड करायला सोपा म्हणून स्क्रूचा स्टॉपर लावला जातो. पियानो वायर इतकी कठीण असते की स्क्रूचं टोक तिच्यात रुतत नाही, नुसतं टेकून राहतं. फेकीच्या झटक्यात वायर केसभर सरकते आणि तुमच्या आकड्यांमध्ये ती उडी दिसते. बारीक कानशीने वायरवर स्क्रूच्या जागी सपाट खाच पाडा आणि खालच्या नटला थ्रेडलॉकचा थेंब द्या. ट्रिम पक्की झाल्यावर स्टॉपर काढून झेड-बेंड घातलात तर आणखी बरं. लांबी बदलायची सोय एकाच टोकाला पुरे, ती एम२ आट्याच्या क्लेव्हिसने मिळते. एम२चा एक पूर्ण फेरा म्हणजे ०.४ मिमी, आपल्या मापात कडेला १.२ मिमी. अर्ध्या फेऱ्याने ०.६.

सर्व्होची बैठक तपासायला स्टिक वर-खाली करत सर्व्होच्या अंगावर बोट ठेवा. पेटी डुलते आहे असं बोटाला कळलं तर दुहेरी फोम टेप काढून टाका. हा टेप उन्हात मऊ पडतो आणि सर्व्हो हळूहळू सरकतो. बंद गाडीत मॉडेल ठेवलं तर ग्लू गनचं ग्लूही तसंच मऊ होतं. सर्व्होभोवती मास्किंग टेपचा एक वेढा घट्ट द्या आणि तो टेप २ मिमी प्लायवूडच्या तबकाला इपॉक्सीने चिकटवा. बदलायची वेळ आली तर टेप सोलून सर्व्हो शाबूत निघतो. पातळ सीए सर्व्होजवळ आणू नका, ते फटीतून गिअरपर्यंत पोहोचतं.

सर्व्होवरच शंका असेल तर क्लेव्हिस काढा, तीच काडी आर्मला चिकटवा, टोक अक्षापासून १५० मिमीवर ठेवा आणि तीच चाचणी करा. टॉवरप्रो एसजी९०चा डेडबँड १० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सिग्नल तेवढा बदलेपर्यंत तो हलतच नाही. ५०० मायक्रोसेकंदांत ४५ अंश धरले तर हे ०.९ अंश झाले, काडीच्या टोकाला जवळजवळ अडीच मिमी. तेवढा फरक त्या सर्व्होच्या स्वभावातच आहे. धातूच्या गिअरच्या एमजी९०एसचा डेडबँड ५ मायक्रोसेकंद. फरक त्या त्या सर्व्होच्या डेडबँडच्या दुपटीहून जास्त येत असेल, किंवा स्टिक अगदी हळू फिरवताना एका ठरावीक जागी आर्म झटका खात असेल, तर आतला दात तुटला आहे किंवा आर्मची जागा ओळखणारा पोटेन्शिओमीटर झिजला आहे. सर्व्हो बदला.

आर्म किती लांब

सर्व्होच्या डेडबँडला आणि गिअरच्या प्लेला लांब आर्म मोठं करतो, म्हणून हा भाग नीट करा. एलिव्हेटरला उतरतानाची चाल धरून वर-खाली ८ मिमी पुरतात, म्हणजे सुमारे १५ अंश. हॉर्नच्या भोकाशी ती चाल २.७ मिमी होते. सर्व्होच्या आर्मवर ४ मिमीचं भोक घेतलं तर आर्मला ४२ अंश फिरावं लागतं, सर्व्होची जवळजवळ पूर्ण चाल. १० मिमीचं भोक घेतलं तर तेच काम १५ अंशांत होतं, आणि मग ट्रान्समीटरमध्ये एंड पॉइंट, म्हणजे सर्व्होच्या चालीची मर्यादा, ३५ टक्क्यांवर आणावा लागतो.

एंड पॉइंट ३५ टक्के असलेलं सेटिंग दिसलं की लिंकेज चुकीचं आहे हे ओळखावं. ०.९ अंशाचा तोच डेडबँड १० मिमीच्या आर्मने कडेला ०.४७ मिमी देतो, ४ मिमीच्या आर्मने ०.१९. गिअरचा प्ले त्याच प्रमाणात घटतो, आणि सर्व्होला हवेचा दाबही अडीचपट हलका वाटतो. फ्लॅपची, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेवरच्या हलत्या भागाची, गोष्ट वेगळी. तिथे ब्रेकसाठी खाली ६० अंशांपर्यंत चाल लागते, म्हणून आर्म मुद्दाम एका बाजूला कलवून बसवतात. ते गणित एलिव्हेटरला लावू नका.

आर्म बसवताना ट्रिम शून्य, सबट्रिम शून्य, एंड पॉइंट १००, मग रिसीव्हर चालू. आर्म काटकोनात हवा तो पुशरॉडशी, सर्व्होच्या पेटीशी नव्हे. २५ दातांच्या शाफ्टवर एक दात म्हणजे १४.४ अंश, त्यामुळे नेमका काटकोन सहसा जुळत नाही. इथे चार हातांचा आर्म कामाला येतो: २५ला ४ने भाग जात नाही, म्हणून प्रत्येक हात पाव दाताने, म्हणजे ३.६ अंशांनी वेगळा बसतो. चारही हात आळीपाळीने लावून पाहा, जुळणारा ठेवा, बाकीचे कापा. हायटेकच्या स्टँडर्ड शाफ्टला २४ दात असतात, तिथे ही युक्ती चालत नाही, चारही हात सारखेच बसतात. आणि एका कंपनीचा आर्म दुसरीच्या शाफ्टवर दाबून बसवू नका. बसल्यासारखा वाटतो, पण आतले दात चिरडलेले असतात.

उरलेला अंश-दीड अंश क्लेव्हिसने काढा. सबट्रिम अगदी शेवटी, दोन-चार क्लिकपुरती.

दोरा आणि स्प्रिंग असेल तर

काही डीएलजींत पुशरॉडऐवजी एका बाजूने दोरा ओढतो आणि दुसरीकडून ०.३ ते ०.४ मिमी वायरची स्प्रिंग परत आणते. ताण कायम असल्याने भोकांमधला प्ले आपोआप एका बाजूला दाबलेला राहतो, हा मोठा फायदा. पण मासेमारीची डायनीमा किंवा स्पेक्ट्राची वेणीची दोरी सतत ताणाखाली हळूहळू लांबते, आणि ट्रिम दर आठवड्याला एकाच दिशेने सरकत राहते. केव्हलरचा दोरा असा लांबत नाही, मात्र कार्बनच्या धारदार कडेवर घासून तुटतो, म्हणून बूममधून बाहेर पडायच्या जागी टेफ्लॉन नळीचा तुकडा हवाच. गाठीवर सीएचा अगदी लहान थेंब द्या. ते दोऱ्यात पुढे झिरपलं तर तिथे दोरा कडक होऊन मोडतो.

दोऱ्याने अप द्या, स्प्रिंगने डाऊन. दोऱ्याची दिशा भक्कम असते, स्प्रिंगची दिशा वेगात हवेच्या दाबापुढे नमते. सूर मारलेल्या ग्लायडरला वर काढायचं असतं तेव्हा भक्कम बाजूच हाताशी असली पाहिजे.

ट्रान्समीटरमध्ये पाहायच्या दोनच गोष्टी

फेक, तरंगणं आणि उतरणं यांसाठी वेगळे फ्लाइट मोड असतील तर प्रत्येक मोडची ट्रिम वेगळी साठवली जाऊ शकते. स्विच हलवला की एलिव्हेटर सरकतो आणि वाटतं लिंकेज निसटलं. चॅनल मॉनिटरचा पडदा उघडून स्विच फिरवत एलिव्हेटरचा आकडा पाहा. त्याच पडद्यावर स्टिक सोडल्यावर आकडा दर वेळी तोच येतो का तेही कळतं. येत नसेल तर दोष स्टिकमध्ये आहे, आणि तेव्हा मात्र ग्लायडर उघडायची गरज नाही.

दुरुस्तीनंतर काडीची चाचणी पुन्हा करा. दोन गटांतलं अंतर काडीच्या टोकाशी १ मिमीच्या आसपास, म्हणजे कडेला ०.२ मिमी आलं, की लिंकेज झालं. सगळी ट्रिम शून्यावर ठेवून पाच वेळा हलकेच सरळ फेका. आता ग्लायडर पाचही वेळा सारखंच नाक वर करत असेल तर तो गुरुत्वमध्याचा प्रश्न आहे. नाकात १ ग्रॅम शिसं घालून पुन्हा फेका.